हंसाच्या समयांची जोड

एका राज्यात राजाला जुन्या धातूच्या वस्तूंचा नाद लागला. राजाचं नाव मणिकेतू. पाऊसपाणी वेळेवर होतं, शत्रू दूरचे होते आणि आळशी होते, तेव्हा नाद लागायला राजाला सवड पुष्कळ होती. कुणाची काशाची घंटा आणावी, कुणाचा लामणदिवा आणावा, कुणाचा मोराच्या आकाराचा अडकित्ता आणावा. चार पिढ्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेली वस्तू दिसली की राजाला जेवणाची शुद्ध राहत नसे. या वस्तूंसाठी त्यानं एक महाल बांधला आणि त्याला नाव दिलं कांस्यमहाल. महालात कोनाडे समोरासमोर. कारण राजाचा एक हट्ट होता. वस्तू ठेवायची तर जोडीनं ठेवायची. एकटी वस्तू त्याला बघवत नसे.

महालाची राखण करायचा हैबती ओतारी. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा. हैबती वस्तू पुसायचा, बोटाच्या पेरानं ठोकून नाद ऐकायचा, तडा गेला असेल तिथं डाग देऊन सांधायचा. त्याची बायको सकवार. मूलबाळ नव्हतं. भट्टीवर भाता ती ओढायची, धातू वितळवायची मूस तो धरायचा. तीस वर्षांत दोघांचा ताल चुकला नव्हता.

एकदा राजा शिकारीला गेला आणि शिकारीऐवजी एक समई घेऊन आला. सात डोंगरांपलीकडे निळाई नावाची जादूगारीण राहायची. तिच्या गुहेच्या दारात दोन समया जळत होत्या, दोन्हींच्या माथ्यावर हंस. राजानं मागितल्या. निळाई म्हणाली, "देत नाही." राजानं एक उचलली आणि घोड्यावर बसला. दुसरी तिनं पोटाशी धरली होती, ती तिच्याकडे राहिली.

समई कोनाड्यात बसली. समोरचा कोनाडा रिकामा. राजा रोज येऊन त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत बसे.

"हैबती, हिची जोड मिळेल का रे?"

"जिची आहे तिच्याकडे आहे, महाराज."

"ती देत नाही."

"मग नाही मिळायची."

राजा भिंतीकडे तोंड करून बसला. आता खरं सांगायचं, तर हैबतीलाही तो कोनाडा टोचत होता, आणि दुसऱ्या कारणानं त्याचे हातही शिवशिवत होते. इतकी देखणी समई आपल्याला ओतता येईल की नाही, हे त्याला बघायचं होतं. घरी जाऊन त्यानं साच्यासाठी मेण मळायला घेतलं.

"हे कुणाला फसवायला?" भाता ओढता ओढता सकवारनं विचारलं.

"फसवायचं कशाला? कोनाडा रिकामा दिसतो."

"दिसू दे की. कोनाड्याला काय भूक लागते?"

हैबती मेण मळत राहिला. अकराव्या दिवशी समई साच्यातून निघाली. त्यानं ती शेणखड्ड्यात पुरली, चिंचेच्या पाण्यात ठेवली, काजळीनं माखली, पुन्हा पुसली. महिन्याभरात ती तीनशे वर्षांची झाली.

राजानं कुठून आणली ते विचारलं नाही. ज्याला हवं असतं तो विचारत नाही. दोन्ही समया समोरासमोर लागल्या आणि राजा पोटभर जेवला.

सातव्या दिवशी राज्याला शाप लागला. जिथं जिथं जोडी होती, तिथं तिथं तिच्यातला एक काशाचा झाला. नांगराला जुंपलेला डावा बैल काशाचा झाला आणि उजवा ओढत राहिला. घरट्यात चिमणा उरला, चिमणी काशाची. जुळ्या बहिणींतली धाकटी काशाची. घरोघरी कुणी नवरा, कुणी बायको. राजा विधुर होता, एकुलता एक होता, म्हणून त्याला काही झालं नाही.

हैबती घरी आला तेव्हा सकवार अंगणात बसली होती. हातात सूप, सुपात तांदूळ, मान थोडी वळलेली, कुणी हाक मारल्यासारखी. सूप वेताचं होतं, तांदूळ तांदळाचे होते, तेवढी ती काशाची होती. हैबतीनं सवयीनं तिच्या खांद्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं. नाद खोल आला, बराच वेळ टिकला. एवढं चांगलं कासं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. मग तो तिच्याजवळ खाली बसला.

लोक तक्रार घेऊन राजाकडे गेले. राजा एका घोड्याच्या रथात बसून हिंडला. पण घरोघरी दुःख बघण्याआधी त्याला काशातली कारागिरी दिसायची. ओतार्‍याच्या अंगणाशी त्याचा रथ थांबला.

"इतकी बारीक बोटं कुणी ओतली नाहीत," राजा म्हणाला.

"महाराज, ती माझी बायको आहे."

"होती. महालात आणा."

बारा माणसांनी सकवारला उचललं. पूर्वेच्या भिंतीला मोठा कोनाडा होता, त्यात ती सुपासकट बसली. राजानं हुकूम केला की हिच्या तोलाची दुसरी मूर्ती राज्यभर शोधावी. शोधणारे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती फडकं घेऊन महालात आला. आधी त्यानं सकवारचं तोंड पुसलं, मग समया पुसायला घेतल्या. पहिल्या समईचा हंस बोलला.

"समोरची मुकी आहे. ती माझी जोड नव्हे."

"ठाऊक आहे," हैबती म्हणाला. "मीच ओतली."

"खोटी जोड लावलीस म्हणून खऱ्या जोड्या तुटल्या. निळाईकडे जा."

"तू हे राजाला का सांगत नाहीस?"

"त्यानं मला उचललं, विचारलं नाही. त्याच्याशी मी बोलत नाही," हंस म्हणाला.

हैबती सात डोंगर चढला, सात उतरला. निळाई गुहेच्या दारात बसली होती. तिच्या मांडीवर एकटी समई होती.

"आई, चूक झाली," हैबती म्हणाला.

"झाली. राजानं नेली तेव्हा एकच समई एकटी पडली होती. तू जोड लावलीस तेव्हा सगळं राज्य पडलं. आता तीन जिनसा आण. कुणी हात न लावलेल्या वारुळाची माती. कुणी न लुटलेल्या पोळ्याचं मेण. आणि तू ओतलेल्या समईचं कासं, पण ते राजानं आपल्या हातानं दिलेलं हवं."

"आणि मग?"

"मग ओतायचं काय ते सांगते. जा लेका."

वारूळ सापडलं. त्यावर एक नाग बसला होता, मनगटाएवढा जाड, म्हातारा.

"माती कशाला?" नागानं विचारलं.

"साचा करायला."

"मी कात टाकतोय. आता अंग हललं तर कात फाटेल. थांबशील?"

"थांबतो."

हैबती तीन दिवस उन्हात बसला. चौथ्या दिवशी कात अख्खी निघाली, नाग तिच्याकडे एकदा बघून निघून गेला, आणि जाताना म्हणाला, "आतली घे, वरची रेताड आहे." हैबतीनं आतली घेतली. नाग बरोबर बोलला होता.

मेणाचं पोळं उभ्या कड्यावर होतं. राणीमाशी म्हणाली, "आमच्यात जोड्या नसतात, म्हणून आम्हाला शाप नाही. पण राज्यात माळ्यांचे हात थांबलेत, पाटाचं पाणी अडलंय, आम्ही तहानेल्या आहोत. ओंजळीत पाणी धर. एकेक माशी पिऊन जाईल. ओंजळ हलली तर मेण नाही."

हैबतीनं खडकाखालच्या झऱ्याचं पाणी ओंजळीत धरलं. तीस वर्षं वितळलेल्या काशाची मूस धरलेले हात होते ते, पाण्याला काय हलणार. सूर्य उगवताना पहिली माशी प्यायली, मावळताना शेवटची. राणीमाशीनं मेण दिलं, आणि वर थोडा मध दिला, त्यानं मागितला नव्हता तरी.

आता तिसरं काम. हैबतीला वाटलं होतं, नाग आणि माश्या कठीण जातील. पण सगळ्यात कठीण होती राजाच्या दरबाराची पायरी. कारण त्या राज्यात कायदा होता. जुन्याच्या नावानं नवं खपवणाऱ्या ओतार्‍याच्या उजव्या हाताचा अंगठा तोडत. अंगठ्याशिवाय मूस धरता येत नाही.

"महाराज, हंसाच्या समयांतली एक खोटी आहे. मी ओतलेली," तो भरदरबारात म्हणाला.

राजानं दोन्ही समया आणवल्या आणि पडद्याआड त्यांची अदलाबदल करवली.

"कोणती?"

"ही."

तीनदा अदलाबदल झाली. तीनदा हैबतीनं तीच दाखवली. राजानं आपल्या पारख्यांना विचारलं. पारख्यांनी दोन्ही समया डोळ्यांशी धरल्या आणि सगळ्यांनी हैबतीच्या समईकडे बोट केलं. "खरी हीच," ते म्हणाले.

"हे तर उलट सांगतात," राजा म्हणाला.

"सांगणारच, महाराज. ही जास्त चांगली आहे. जुन्या ओतार्‍याच्या हंसाची मान एका बाजूला केसभर कलली आहे. मेण करताना त्याचा हात चुकला असेल. मला सगळी नक्कल जमली, पण ती चूक काही करवली नाही. मी मान सरळ केली."

राजानं दोन्ही समया जवळ घेतल्या. बराच वेळ बघितलं. मान कललेली होती.

"माझ्या महालात आणखी किती खोट्या आहेत?"

"माझी एवढीच. दुसऱ्यांचं मला कसं कळणार?"

राजा आसनावर मागे टेकला. "खोटी ने," असं म्हणून त्यानं आपल्या हातानं ती समई हैबतीच्या हातात दिली. मग उरलेलीकडे बघून त्याचं तोंड आंबट झालं. "आता ही एकटी पडली. एकटी मी ठेवत नाही. हीपण ने."

"पूर्वेच्या कोनाड्यातलीही एकटी आहे, महाराज."

"तिची जोड शोधायला माणसं गेली आहेत."

"ती रिकाम्या हातानं परत येतील, महाराज. जोड तुमच्यासमोर उभी आहे."

राजानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मळकं धोतर, भाजलेल्या खुणांचे हात, पिकलेल्या मिशा. कोनाड्यात ठेवण्यासारखं काही दिसलं नाही.

"तीपण ने," राजा म्हणाला. "पण काम झालं की अंगठा द्यायला ये."

"येईन."

महालाच्याच अंगणात भट्टी पेटली. निळाई आपली समई काखेत घेऊन आली आणि म्हणाली, "साखळी ओत. एकवीस कड्यांची, कडीत कडी, कुठं सांधा नको." हैबतीनं मेणाच्या कड्या एकमेकींत गुंफल्या, वारुळाच्या मातीनं लिंपल्या, साचा वाळवला, भाजून मेण वाहून जाऊ दिलं. आपली समई त्यानं मुशीत घातली. तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

भाता ओढायला कुणी नव्हतं. अर्धं राज्य काशाचं, उरलेलं अर्धं आपापल्या काशाच्या माणसाजवळ बसलेलं. तेव्हा राजानं अंगरखा काढला आणि भात्याला हात घातला.

"हळू, महाराज," हैबती म्हणाला. "वारा हवा आहे, वावटळ नको."

"तुझी बायको कशी ओढायची?"

"न बोलता."

राजा न बोलता ओढू लागला. कासं पातळ झालं, हैबतीनं ओतलं, साचा निवला, फोडला. आत एकवीस कड्या होत्या, एकीत एक अडकलेली, तरी मोकळी हलणारी, कुठं सांधा नाही. निळाईनं साखळीचं एक टोक एका हंसाच्या गळ्यात अडकवलं, दुसरं दुसऱ्याच्या. आता एक उचलली की दुसरी बरोबर यायची.

राज्यातला डावा बैल चालू लागला. चिमणी उडाली. धाकट्या बहिणीनं थोरलीला विचारलं, की तू माझी वेणी का सोडलीस. पूर्वेच्या कोनाड्यात सकवारनं सूप पाखडलं, मग आजूबाजूला बघितलं.

"अहो, हे कुणाचं घर?"

"राजाचं. खाली उतर. हात देतो."

वाटेनं हैबतीनं तिला सगळं सांगितलं, आणि राहिलेलं, अंगठ्याचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दरबारात गेला, तशी तीही मागोमाग गेली. ओंडका मांडला होता. हैबतीनं उजवा हात त्यावर ठेवला. तेव्हा सकवार पुढे झाली.

"महाराज, एक विचारू?"

"विचार."

"अंगठेही दोनच असतात. एक तोडलात तर उरलेल्याचं काय करायचं?"

राजानं तोडणाऱ्याकडे बघितलं, ओंडक्याकडे बघितलं. मग त्याची नजर स्वतःच्या तळहातांवर गेली. भात्यानं दोन्ही तळव्यांना फोड आले होते, सारखे, एकाच जागी.

"ओंडका उचला," राजा म्हणाला. "तो कायदाही पुसा."

निळाई जोडीनं समया घेऊन सात डोंगरांपलीकडे गेली. कांस्यमहालाची दारं राजानं उघडी ठेवली. ज्यांच्या घंटा, ज्यांचे दिवे, ज्यांची तबकं, ते आपापली ओळखून घेऊन गेले. काहींना ओळखता आली नाहीत. त्या वस्तू राहिल्या, राजा त्या स्वतः पुसू लागला.

हैबतीच्या भट्टीवर पुन्हा भाता हलला. तो मूस धरी, ती ओढी. गोष्ट इथं थांबते. ते दोघं काही थांबले नव्हते.