माणकाचे दोन भोई

एका राज्यात राजाचे चाकर जन्मत नसत, ओवले जात. सगुणा तिथली मण्यांच्या माळा ओवणारी थोरली पटवेकरीण. तिच्यापुढे ताडपत्र असे, त्यावर तीन-तीन अक्षरांची एकेक खूण. खूण वाचली की त्या खुणेचा भोई मणी घेऊन येई, तो देई आणि पुन्हा भांडाराकडे जाई. माळ पुरी झाली की आपणच वळे, मुरडे आणि जिवंत होई. कोणी द्वारपाल होई, कोणी तट सांधणारा गवंडी.

एके दिवशी एका मांत्रिकाने धाडलेले ताडपत्र तटावरून उडत आले. त्यावर एका बलाढ्य चाकराची माळ लिहिली होती, आणि शाप असा, की हाती घेतल्यावर पुरी केल्यावाचून सुटका नाही. सगुणेने दहा मणी झरझर ओवले आणि तिचा हात अडला. पुढची खूण माणकाची होती, त्यापुढचीही माणकाचीच. भोई काही येईना. शेजारणींच्याही माळा अडल्या. काही अर्ध्यावर तुटून पडल्या. एकीत माणकाच्या जागी मोती शिरला, तर चाकर उलट्या मानेचा उठला. गवंड्यांवाचून तट भेगाळू लागला.

सगुणेला काहीच उमगेना. भांडारात तर माणकांचे ढीग पडले होते.

पहिल्या दिवशी राजा सुवर्म्याने आणखी माणके आणवली. दुसऱ्या दिवशी आणखी पटवेकरणी बसवल्या, त्याही अडून बसल्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उद्या तट पडेल. कारण तूच शोध."

ती भांडाराशी गेली. दारावर एक साळुंकी बसली होती.

"या खुणेचे भोई दोनच आहेत," साळुंकी म्हणाली. "ही खूण इथे क्वचितच लिहितात. तुझ्या पत्रात ती पुन्हा पुन्हा आहे; दोघे तिथेच गुंतले, म्हणून शेजारणींच्या माळांनाही ते पुरत नाहीत."

"माणिक तर रोज लागते."

"रोजच्या माणकाची खूण निराळी. तिचे भोई शंभर."

एका मण्याला दोन खुणा कशा, हे सगुणेने विचारले. ते आपल्यालाही ठाऊक नाही, पण आहेत एवढे खरे, असे साळुंकीने सांगितले. वर बजावले, की या खुणा बदलशील तर मधली एक तशीच ठेव, माळेला तिथे वळायला उसंत लागते.

सगुणा गोंधळलेलीच परतली. ताडपत्रावरच्या खुणांना आजवर कोणी हात लावला नव्हता. तिने मांत्रिकाने लिहिलेल्या माणकाच्या खुणा खोडल्या, रोजच्या लिहिल्या आणि मधली एक तेवढी राखली. शंभर भोई धावत आले. मण्यांत मात्र एकाचाही फरक पडला नाही.

माळ मधेच थबकली, वळली, पुढे सरकली. चाकर उठला. तो मांत्रिकाचा निघेल या भयाने सगुणा मागे सरली. पण चाकर ओवणारीचा असतो.

"काम सांगा," तो म्हणाला.

तिने तट दाखवला. त्याने एका खांद्यावर तो तोलून धरला, तोवर इतर माळा पुऱ्या झाल्या आणि गवंड्यांनी भेगा सांधल्या. शाप सुटला. भांडाराच्या पायरीवर ते दोन भोई पहिल्यांदाच टेकले आणि पोटभर पाणी प्याले.