पानावरचा हात

"पण तुम्ही नुसतं एक वाक्य बोललात, तर काय बिघडणार आहे, बुवा?"

मठाच्या ओसरीवर एक पाय लांब सोडून कोंडीबुवा बसले होते आणि काडीने पळसाची पानं टाचत होते. उद्याच्या भंडाऱ्याच्या पत्रावळी.

शाल्मली पायरीवर उभीच होती. बसायचंही तिला सुचलं नव्हतं.

"उद्या सगळा गाव इथे जेवायला येणार. तुम्ही उठून एवढंच म्हणा, की यंदापासून जिलबी बंद. आणि गुरुवारी सगळ्यांनी शाळेच्या ओट्यावर तपासणीला जायचं. तुमच्या शब्दावर हे लोक विहिरीत उडी टाकतील!"

"म्हणून तर सांगत नाही," बुवा म्हणाले.

…

शाल्मली याच गावची. साता समुद्रापलीकडे जाऊन ती डॉक्टरकी शिकली, आणि एका माणसाचं नव्हे तर अख्ख्या गावाचं आरोग्य कसं सुधारावं, हेही शिकली. तिकडे चांगली नोकरी चालून आली होती. पण तेवढ्यात इकडे साखरेच्या आजारापायी तिच्या काकांचा पाय कापावा लागला. ती बातमी तिला फोनवर कळली. आता आपल्या गावात आणखी कुणाचा पाय जाऊ द्यायचा नाही, असं मनाशी घेऊन ती परत आली.

दारोदार फिरली. चित्रं दाखवली. घसा बसेपर्यंत बोलली. आणि गुरुवारी साखर मोजायचं यंत्र मांडून ओट्यावर बसली, की समोर येऊन बसायची ती फक्त शाळेतली कुत्री.

"लोक तुला म्हणतात काय?" बुवांनी विचारलं.

"'येतो की बाई' म्हणतात. हसतात. चहा देतात. आणि येत नाहीत!"

"चहा देतात ना?" बुवांनी पुढचं पान उचललं. "मग अजून आशा आहे."

"बुवा, मी थट्टा करत नाहीये. हे असंच चाललं तर मी इथे राहून उपयोग काय? जाते परत."

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"जायचं तर जा. पण उद्या वाढायला ये."

"जिलबी? मी?"

"तुला पटेल ते वाढ."

…

दुसऱ्या दिवशी शाल्मली पदर खोचून हजर झाली. हातात बादली, बादलीत काकडीची कोशिंबीर. सकाळपासून तिने स्वतः बसून चिरलेली. साखर नाही, मीठ बेताचं.

पंगत बसली आणि ती सुटली.

"घ्या हो काकू! एवढीशीच काय घेता? मामी, भात कमी आणि ही जास्त. घ्या, घ्या, पोटाला चांगली असते!"

रवळूतात्यांपाशी आली. तात्या म्हणजे गावचा एकेकाळचा पैलवान. आता पैलवानकी गेलेली, पोट आणि आवाज तेवढे राहिलेले. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"बास, बाई. बास!"

"असं कसं, तात्या? तुमच्याच भल्यासाठी आहे!"

आणि तिने पळीभर कोशिंबीर त्यांच्या बोटांवरच ओतली.

"अगं, हात धुवायचा हुता तर पाणी तरी आणायचंस!" तात्या ओरडले. पंगत खदखदून हसली.

तिच्या मागोमाग जिलबीवाला आला. "तात्या, माझ्या गळ्याची आण, एक तरी!" तात्यांचा हात तसाच. त्याने जिलबी हातावरच ठेवली आणि पुढे गेला.

शाल्मलीला त्याचा असा राग आला! नको म्हणणाऱ्या माणसाला खाऊ घालणं, ही कुठली रीत?

पंगत उठली. उष्टी पानं गोळा झाली, आणि शाल्मली बघतच राहिली. पानापानावर कोशिंबिरीचे ढीग. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

बुवांनी ते ढीग घमेल्यात काढले, गोठ्याकडे लंगडत गेले आणि गायीपुढे रिकामे केले.

"एकीची तब्येत तरी सुधारली," ते म्हणाले.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तोंड फिरवून उभी राहिली.

…

शेवटची पंगत वाढप्यांची. शाल्मलीही तीत बसली, आणि बुवा स्वतः वाढायला आले.

तिची भूक मेली होती. बुवा आमटीचं भांडं घेऊन समोर आले, तशी तिने पानावर हात धरला आणि डोळे मिटून घेतले. आता बोटांवर गरम आमटी पडणार.

काहीच पडलं नाही.

तिने वर पाहिलं. बुवा पळी तशीच धरून उभे होते. घाई नाही, आग्रह नाही.

"काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. आपला घसा किती सुकलाय, हे तिला तेव्हाच कळलं.

बुवांनी पाणी दिलं आणि ते पुढच्या पानाकडे गेले.

शाल्मली बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसली.

मग उठली. रवळूतात्या लिंबाखाली विड्याचं पान जमवत बसले होते. ती त्यांच्यासमोर मातीतच बसली. सवयीने तोंड उघडलं… आणि मिटलं.

"आता काय वाढतीस?" तात्यांनी डोळे बारीक केले.

"काही नाही. तात्या… तुम्हाला काय होतंय?"

तात्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गावभर ऐकू जाणारा तो आवाज एकदम खाली आला.

"तळपायाला कळंना झालंय, पोरी. चप्पल कवा निसटली, समजत न्हाई. जिलबीचं बी भ्या वाटाय लागलंय."

काकांचंही असंच सुरू झालं होतं.

"मग मला सांगितलं का नाही, तात्या? मी तुमच्या दारात आले होते."

"आली हुतीस की," तात्या म्हणाले. "पर तू बोलत हुतीस."

…

गुरुवारी शाळेच्या ओट्यावर कुत्र्याला जागा उरली नाही. तात्या बायकोला, शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. "चला रं, ही ऐकून घेती!" अशी हाळी देत त्यांनी सगळी आळी गोळा केली होती. तात्यांची साखर भलतीच वाढली होती, पण पाय शाबूत होते. औषध सुरू झालं. दिवसभरात शाल्मली फार बोलली नाही. घसा बसला नाही.

संध्याकाळी ती धावतच मठात गेली. बुवा ओसरीवर एक पाय लांब सोडून बसले होते. मांडीवर उरलेली एक पत्रावळ.

"बुवा! सगळे आले! आता असं करू या, पुढच्या भंडाऱ्याला मी सगळ्यांसमोर उभी राहते आणि आहार म्हणजे काय, व्यायाम म्हणजे काय, हे पहिल्यापासून…"

बुवांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

शाल्मली थांबली. हसू आवरेना, तशी पायरीवर बसली. हसून झाल्यावर तिने विचारलं,

"मग काय देऊ, बुवा?"

बुवांनी हात उचलला.

"माझा हा गुडघा बघ जरा. केव्हाचा दुखतोय."