वर पोचायच्या आत

"करंट चौपट केला, चाचा. तरी इंजिन मंदच. मग एवढी ताकद जाते कुठं?"

दस्तगीरचाचा ब्लेडनं तारेचं टोक खरवडत बसले होते. वरचं वार्निश निघून आतलं तांबं लाल चमकलं, तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

मिरजेत दर्ग्यामागच्या बोळात चाचांचं दुकान. पंपाच्या जळलेल्या मोटारी आणायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. श्रेणिक उगारे इथंच वाइंडिंग शिकला. चाचांनी त्याला हातात सफाई येईतो जवळ ठेवलं, मग तो कॉलेजात गेला, इंजिनियर झाला. आज आपलं इंजिन टेम्पोत घालून परत आला होता.

इंजिन बघण्यासारखं होतं. पेट्रोल नाही, धूर नाही. सिलिंडरभोवती तांब्याची कॉइल. तिच्यात करंट सोडला की ती लोखंडी पिस्टनला वर ओढते. करंट बंद झाला की फिरत्या चाकाच्या जोरानं पिस्टन खाली येतो. अशा वर-खाली होण्यावर रिक्षा पळायची… म्हणजे पळायला हवी होती. सोमवारी पुण्यात चाचणी होती. चढावर रिक्षा थांबली तर तीन वर्षांचं काम भंगारात, असं पैसे घालणाऱ्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"बंद कधी करतोस करंट?"

"पिस्टन वर टोकाला पोचला की. सेन्सर लावलाय. केसाचाही फरक नाही."

"पोचल्यावर?"

"पोचल्यावरच. त्याआधी सोडला तर पोचेल कसा? एवढं तर कळतं मला, चाचा."

"कळणारच. कॉलेजात गेलायस."

श्रेणिक हसला, पण कान गरम झाले त्याचे.

चाचांनी कॉइलची दोन्ही टोकं इंजिनाच्या बॅटरीपासून सोडवायला लावली. बिस्किटाच्या डब्याचं झाकण बाकावर ठेवलं, एक टोक झाकणाला पक्कं बांधलं. टॉर्चमधला एक सेल काढून त्या झाकणावर उभा केला.

"दुसरं टोक सेलच्या डोक्यावर दाब. उघडं तांबं बोटात धर."

श्रेणिकनं दाबलं. चाचांनी आपला एक तळवा झाकणावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं त्याचा मोकळा हात धरला.

"लागतंय काही?"

"दीड व्होल्टनं काय लागणार? पोरं जिभेला लावून बघतात हा सेल."

"नाही ना लागत?"

"नाही."

"मग बंद कर."

श्रेणिकनं तार सेलवरून उचलली.

खांद्यापर्यंत सणकन काहीतरी गेलं. तार कुठं उडाली, त्याला कळलं नाही. तो स्टुलावर आदळला, तिथंच बसून राहिला. सेल आडवा पडून बाकाच्या कडेला गेला होता… एवढासा सेल.

"पण… मी तर बंद केलं होतं."

"हां."

"चालू होतं तेव्हा काही नाही. आणि बंद केल्यावर…"

"बंद तू केलंस," चाचा म्हणाले. "कॉइलला कुठं ठाऊक होतं?"

श्रेणिक दंड चोळत राहिला.

"तुम्हाला नाही लागला?"

"लागला की."

चाचा माठाकडे गेले, पाणी प्यायले, तांब्या उपडा घातला. घाई म्हणून नाही.

श्रेणिक कॉइलकडे बघत होता. हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आला होता. मार्कही पडले होते. हाताला मात्र आज कळलं.

"म्हणजे मी बंद केल्यावरही तिच्यातला करंट लगेच थांबत नाही, ती ओढतच असते," तो हळूच म्हणाला. "पिस्टन खाली निघालाय, आणि ही त्याला वर धरून ठेवते. मी करंट वाढवला, की आणखी घट्ट धरते… चाचा, माझं इंजिनच माझ्या इंजिनाला ब्रेक लावतंय."



त्यानं बॅटरी पुन्हा जोडली. सेन्सर बोटाच्या पेराएवढा खाली घेतला, पिस्टन वर पोचायच्या आतच करंट तुटेल असा. करंट निम्म्यावर आणला. चाकाला हातानं झटका दिला.

इंजिन दोनदा अडखळलं. मग लागलं.

आवाज चढत गेला. बाकावरचे स्क्रू थरथरत सरकायला लागले. निम्म्या करंटवर तीन वर्षांत कधी फिरलं नव्हतं असं चाक फिरत होतं. श्रेणिकचं तोंड उघडंच राहिलं. दोन पावलं मागं सरून तो भिंतीला टेकला, जणू इंजिन दुसऱ्याच कुणाचं होतं.



"आणि… आणखी वेग हवा असेल तर?"

"आणखी आधी सोड."

श्रेणिकनं इंजिन बंद केलं. चाक मात्र फिरतच होतं. तो चाचांच्या पायाशी बसला.

"सोमवारी तुम्ही चला पुण्याला. मी गाडी आणतो, सकाळी निघू, रात्री परत. नाही म्हणू नका. तिथं काही अडलं, तर मी विचारू कुणाला?"

इंजिन फिरताना चाचांच्या चेहऱ्यावर आलेलं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला… आणि लगेच उचलला.

"तुला मी पार पोचल्यावर सोडलं, बेटा. तिथंच चुकलो."