दोनशेतलं एक मडकं

दारूबंदीचे दिवस होते. सरूबाई कुंभारणीच्या अंगणात दारूचं मडकं सापडलं म्हणून फौजदार जगदाळ्यांनी तिला कोर्टात उभं केलं. गुन्हा शाबीत झाला तर सहा महिने तुरुंग होता, आणि तिला वकील नव्हता.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बाई, फौजदारांना काही विचारायचंय?"

"अंगणात मडकी किती होती, साहेब?"

"दोनशे तरी. सगळी सारखी, झाकणं घातलेली."

"उघडलीत किती?"

"एकच. गेलो आणि नेमकं तेच उचललं." फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"कुणी खबर दिलेली?"

"मला खबऱ्या लागत नाही."

सरूबाई मॅजिस्ट्रेटांकडे वळली. "सरकार, मडकी माझ्या हातची, तरी दारू कुठल्यात आहे ते मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाच विचारा ती कुणी ठेवली."

फौजदारांचा हात मिशीवरच राहिला.