लवकर आलेले दादासाहेब

विठू तांबट कर्जात बुडाला, तेव्हा चारही घेणेकऱ्यांनी ठरवलं, की विठूनं महिन्याचा हप्ता गंगूबाई मास्तरणींकडे द्यावा आणि बाईंनी तो चौघांसमोर हिश्शाप्रमाणे वाटावा. बाईंचं नाव चौघांपैकी दादासाहेब इनामदारांनीच सुचवलं होतं.

पहिल्याच हप्त्याला दादासाहेब एकटे, तासभर आधी आले. "बाई, सगळी रक्कम मला द्या. दूधवाली, कोळसेवाला वगैरे तिघं थांबतील. कोण विचारतंय?"

"दादासाहेब, माझंच नाव का सुचवलंत?"

"तुम्ही कुणाला बधत नाही म्हणून."

"मग आज तुम्हाला बधले आणि पुढच्या महिन्यात दुसरा कुणी तुमच्याही आधी आला, तर तुमचा हिस्सा कोण राखणार?"

दादासाहेब ओसरीवर बसले. बाईंनी चहा पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले, "तिघं आले की सगळ्यांबरोबरच घेईन."