किंचाळणारा पंखा आणि मुकं पाणी

संगणक नवे होते तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिकांच्या दुकानात एका संगणकाच्या पोटात चिप राहायची. तापली की जळून मरायच्या भीतीने थरथरायची. पंखा तिला वारा घालायचा, पण घरघर फार.

दसऱ्याला मालकीणबाईंनी पूजेचा झेंडूचा हार नेमका पंख्याच्या जाळीवर घातला. पंखा गुदमरून किंचाळला, तसा बाईंनी हार उचलला.

“मेल्या, चारचौघांत बोंबलतोस?” चिप खेकसली. “चालता हो! मला नळ्यांतून फिरणारं गार पाणी बरं. गप तरी राहतं.”

पाणी आलं, मुकाट फिरू लागलं. एका दुपारी मुकाटच थांबलं.

“पाणीबाई, फिरा ना! भाजतेय मी!”

पाणी गप्प. शेजारी बसलेल्या मालकीणबाईंना काही कळेना.

“अहो, कुणीतरी ओरडा हो!”

ओरडणारा माळ्यावर धूळ खात पडला होता.