बाळंतिणीचं पान

“…मग नैवेद्याची चूल माझ्या हाती कधी देणार, आक्का?”

खाडीकाठच्या त्या लहानशा मठात देवाचा स्वयंपाक कुणी करायचा, हे आक्काच ठरवत. ऋजुता वर्षभर वाट पाहत होती. अंगण सारवलं, स्तोत्रं पाठ केली, जन्मभर चवीनं खाल्लेले मासे एका दिवसात सोडले. आणखी काय करायचं असतं माणसानं?

आक्का वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भुरीनं खाल्लं का गं?”

भुरी म्हणजे मठातली मांजर. नुकतीच लाकडांच्या खोपीत व्यायली होती.

“दूधभात केला होता तिला. वर साजूक तूप. मठात राहते म्हटल्यावर तिनंही आपलंच पथ्य पाळायला हवं ना!”

“खाल्लं का, ते विचारतेय.”

“…वास घेतला आणि तोंड फिरवलं. कालही तेच.”

“आणि पिल्लं?”

“रडतायत.”

आक्कांनी हातातली वात खाली ठेवली. पिशवी घेतली आणि सरळ धक्क्याची वाट धरली.

ऋजुता धावतच मागे. आक्का कोळणीच्या पाटीपुढे उकिडव्या बसल्या. ऋजुतानं ओढणी पार कपाळावर ओढली. कुणी पाहिलं तर?

“आक्का, वाट चुकलीस काय गो?” कोळीण खळखळून हसली.

“घरात बाळंतीण आहे. ताजे बांगडे दे.”

परसात तीन दगडांची चूल मांडली. आक्कांनी विळी पुढे ओढली. पहिला बांगडा हातातून जो सटकला तो थेट तुळशीच्या बुंध्याशी. ऋजुता किंचाळलीच.

“ओरडतेस काय? मीठ किती घालू, ते सांग.”

“मीठ नको!” तिच्या तोंडून निघून गेलं. “तिखट नको, कांदा-लसूण तर नकोच नको, मांजराला बाधतं. नुसता पाण्यात शिजवायचा. आणि काटे… काटे सगळे काढायचे.”

“बरं.”

मासे शिजले, निवले. आक्का काटे काढायला बसल्या. नजर अधू झालेली, सगळं बोटांनी चाचपून. एक काटा नखाखाली घुसला. रक्त आलं. त्यांनी बोट धुतलं… पुन्हा चाचपू लागल्या.

ऋजुता दाराची चौकट घट्ट धरून उभी. जन्मात अंडंसुद्धा हाती न धरलेली ही बाई! आणि चेहऱ्यावर किळसेची एक रेघ नाही. मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसावं तशी बसलीय.

“आक्का… उठा तुम्ही.”

“का? तू तर सोडलंयस ना?”

“सोडलंय हो! पण एक जरी काटा राहिला तर तिच्या घशात… उठा ना!”

आक्का उठल्या नाहीत. जराशा सरकल्या फक्त.

ऋजुताच्या बोटांना सगळं आठवत होतं. मधला काटा एका ओढीत अख्खा निघाला. मग ती एकेक घास चिमटीत कुस्करून पाहू लागली, लहानपणी आई तिच्यासाठी पाहायची तसा.

नैवेद्यासाठी कापून ठेवलेलं केळीचं पान आक्कांनी आणलं आणि भुरीपुढे मांडलं.

भुरीनं वास घेतला…

पान चाटूनपुसून लख्ख झालं. मग ती खोपीत जाऊन आडवी झाली. थोड्या वेळानं पिल्लांचं रडणं थांबलं.

ऋजुतानं हातांना साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं. वास काही जाईना. तिचे डोळे भरून आले.

“मोडलं, आक्का. वर्षभराचं सगळं मोडलं. आता या हातांना नैवेद्याची चूल कोण देणार?”

आक्कांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. नाकाशी नेले. डोळे मिटले…



“पूस हात,” त्या म्हणाल्या, “आणि आत जाऊन चूल पेटव. देव केव्हाचा उपाशी बसलाय.”